फ्लेअर कुणासाठी पेटवायचा?

पॅराशूट फ्लेअर म्हणजे दिवाळीतल्या बाणाचा शिस्तीत वाढलेला थोरला भाऊ. हातात मावेल एवढी नळी असते. तळाची दोरी ओढली की आतला बाण किमान ३०० मीटर वर जातो, तिथे छोटी छत्री उघडते आणि ३०,००० कँडेलाचा लाल उजेड ४० सेकंद जळत हळूहळू खाली येतो. हातात धरायचा फ्लेअर यापेक्षा साधा असतो. तो १५,००० कँडेलाचा आणि मिनिटभर जळणारा. दिवसा उजेड दिसत नाही म्हणून नारिंगी धूर सोडणारे डबे वेगळे. समुद्रात या सगळ्याचा अर्थ एकच होतो, ‘आम्ही बुडतोय, या.’

अमेरिकेत १६ फूट किंवा त्याहून लांब हौशी बोट समुद्रात किंवा तिथल्या ग्रेट लेक्सवर न्यायची असेल, तर दिवसासाठी तीन आणि रात्रीसाठी तीन असे संकेत बाळगावे लागतात. दारूकामाच्या फ्लेअरची मुदत ४२ महिने. मुदत संपली की तो मोजणीत धरत नाहीत, मग तो कितीही नवाकोरा दिसो. गंमत अशी की देशाच्या आतल्या लहान तळ्यांना हा नियम लागू नाही. मला यामागचं तर्कशास्त्र आवडतं. किनाऱ्यावर तटरक्षक दल बसलेलं आहे, त्याचं कामच क्षितिजाकडे बघायचं आहे, म्हणून तिथे फ्लेअरला अर्थ. तीन पॅराशूट फ्लेअर म्हणजे तीन वेळा ४० सेकंद, एकूण दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत कुणीतरी तिकडे बघत असेल, हे गृहीत धरून तो नियम उभा आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर पडला की अलर्ट जातो आणि रात्री तीनला कुणाचातरी फोन वाजतो. नव्या टीमला आम्ही पहिला प्रश्न विचारतो की ऑन-कॉल कोण आहे? त्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर अलर्ट कितीही सुंदर लिहिलेला असो, तो नुसताच लॉगमध्ये पडून राहणार. आपल्याकडे बोटींच्या सुरक्षेवर जे काही बोललं जातं, त्यात हा पहिला प्रश्नच कुणी विचारत नाही. अपघात झाला की साहित्याची यादी निघते. जॅकेट किती, रिंग किती, अग्निशमन सिलिंडर आहे का, फ्लेअर आहेत का. यादी तपासली जाते, फोटो काढले जातात, शिक्का बसतो. बोटीतल्या माणसाने हाक मारली तर ती ऐकायला काठावर कोण बसलंय, हा रकाना त्या यादीत शोधून दाखवा.

जळगाव-धुळ्याच्या माणसाने हे का लिहावं, असं वाटेल. समुद्र आमच्यापासून लांब. पण पाणी लांब नाही. तापी जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे ओलांडून गुजरातेत जाते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आणि त्याच्या खालच्या अंगाला हतनूरचं पसरलेलं पाणी. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज. जळगावात मेहरूण तलाव, धुळ्याला नकाणे तलाव, अक्कलपाडा, शिरपूरकडे करवंद, तोरणमाळला यशवंत तलाव. आणि सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा, जी सरदार सरोवर झाल्यापासून नदी राहिलेली नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या गावांसाठी तो एक लांबच लांब जलाशय आहे. यातल्या कुठे बोटिंग चालतं, कुठे मासेमारी, कुठे पक्षी मोजायला माणसं जातात, आणि कुठे रस्ताच नसल्यामुळे बोट हीच एसटी आहे.

त्या शेवटच्या जागेपासूनच सुरुवात करू. १५ जानेवारी २०१९, मकर संक्रांत. धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेली आदिवासी कुटुंबं एका बोटीत बसली होती. जवळपास साठ माणसं, त्यात बरीच लहान मुलं. बोट उलटली. किमान सहा जण गेले, त्यात बहुतेक मुलं. बाकीच्यांना आसपासच्या बोटवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी ओढून काढलं. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, पण खानदेशी माणसाच्या डोक्यात तो अजून एकच मुलूख आहे. तरीही या घटनेचं नाव मी जळगावातल्या माझ्या वयाच्या दहा जणांना विचारलं, तर किती जणांना आठवेल याची मला शंका आहे. गेटवेचा अपघात मात्र सगळ्यांना आठवतो.

तो आठवायलाच हवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिन चाचणी सुरू असलेली वेगवान बोट आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण गेले. परवान्यापेक्षा जास्त माणसं बोटीवर होती, आणि जॅकेट पुरेशी नव्हती, मिळाली तीही उशिरा, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं. पण याच अपघाताची दुसरी बाजू बघा. शंभरच्या आसपास माणसं वाचली. कारण मुंबई बंदराच्या त्या पाण्यात नौदल, तटरक्षक दल, बंदराच्या पायलट बोटी, मच्छीमार असे सगळे जवळ होते. कुणीतरी बघत होतं.

बरोबर आठवड्याने, २५ डिसेंबरला, गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट किनाऱ्यापासून साधारण ६० मीटरवर उलटली. सगळे पाण्यात. एक जण दगावला, २० वाचले. दोघे सोडून बाकी सगळ्यांच्या अंगावर जॅकेट होतं असं पोलिसांनी सांगितलं, आणि किनाऱ्यावर जीवरक्षक पगारी कामावर होते. म्हणजे दोन गोष्टी होत्या. जॅकेट अंगावर होतं आणि काठावर नजर होती. एवढ्यावर वीस जण घरी गेले. त्या बोटीत फ्लेअर होता की नाही हे कुणी विचारलंही नसेल, आणि विचारायची गरजही नव्हती.

आता यातल्या दोन्ही गोष्टी काढून टाका. २१ मे २०२४, संध्याकाळ. उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण, तो पोलिस अधिकारी होता, पोहून काठाला लागला. त्याने सांगितलं तेव्हा जगाला कळलं. बाकीचे सहा, त्यात दोन चिमुकली मुलं, तिसऱ्या दिवशी सापडले. तो माणूस पट्टीचा पोहणारा नसता तर ही बोट गेली हे समजायला किती वेळ लागला असता?

हे वाचताना मला ‘रामदास’ आठवते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट सकाळी बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबई डोळ्यांसमोर असताना मुंबईला पत्ता लागला तो काही तासांनी, वाचलेली माणसं काठाला लागल्यावर. ‘रामदास’ ते उजनी, मधे ७७ वर्षं आहेत. चंद्रावर यान उतरवून झालं, खिशात फोन आला, आणि जलाशयात बुडणाऱ्या माणसाचा निरोप अजूनही पोहणाऱ्या माणसाच्या हातूनच येतो.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं नाही. १९१७ चा जुना अंतर्देशीय जहाज कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला, ७ जून २०२२ पासून लागू झाला. त्याखाली जीवरक्षक साधनांचे वेगळे नियम आहेत, आगीचे वेगळे. लाटेच्या उंचीनुसार पाण्याचे विभाग पाडलेत. विम्याची तरतूद आहे. इंजिन नसलेल्या बोटींसाठी तर जिल्हा, तालुका, पंचायतीपर्यंत जबाबदारी उतरवायची कल्पना आहे. त्याआधी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बोट सुरक्षेवर मार्गदर्शक सूचनांचं अख्खं पुस्तक काढलं. कागद उत्तम आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाहीये.

अडचण पुढे आहे. धरणाची मालकी जलसंपदा खात्याची. आमच्याकडे तापी पाटबंधारे विकास महामंडळाची. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून. बोटिंगचा ठेका नगरपालिकेकडून, ग्रामपंचायतीकडून नाहीतर पर्यटनवाल्यांकडून. बोटीची नोंदणी आणि तपासणी हा सागरी मंडळाचा प्रांत, ज्याचं मुख्यालय मुंबईत आणि बंदरं कोकणात. बुडल्यावर पंचनामा तहसीलदाराचा, गुन्हा पोलिसांचा, शोध आपत्ती दलाचा. एका होडीत इतकी खाती बसतात की ती उलटायला प्रवाशांचीही गरज नाही. आणि यातल्या कुणाचंही काम ‘संध्याकाळी सहाला किती बोटी परत आल्या ते मोजणे’ असं नाही.

मग अपघातानंतर जे होतं ते तुम्ही-आम्ही बघितलंय. जिल्हाभरातलं बोटिंग बंद करायचा आदेश निघतो. बोटवाले महिनाभर बसून राहतात. मग नवी नारिंगी जॅकेटं येतात, फोटो निघतो, बोटिंग सुरू. ते बंद होण्यात आणि सुरू होण्यात पाण्याच्या काठावर काहीच बदललेलं नसतं.

खानदेशातल्याच एका धरणावर मी मित्रांबरोबर बोटीत बसलो होतो. जॅकेटं होती, नाही असं नाही. मागच्या फळीखाली खताच्या पोत्यात बांधून ठेवलेली होती. गाठ सुतळीची, ती पण पक्की. का बांधली विचारलं तर बोटवाला म्हणाला, लोक घेऊन जातात. आमच्यातल्या एकाने एक मागितलं, तर काठावरून कुणीतरी हसत ओरडलं, “काही व्हत नही भाऊ, बठा!” मला त्या बोटवाल्याचा राग आला नाही. त्याला ज्याने तपासलं त्याने जॅकेटं मोजली होती, अंगावर बघितली नव्हती. जे मोजलं जातं ते त्याने सांभाळून ठेवलं. कुठलाही इंजिनिअर हेच करतो.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. ‘बोटीत प्रत्येकासाठी एक जॅकेट असावं’ हे वाक्यच चुकीचं लिहिलेलं आहे. छोटी बोट उलटायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत सुतळी सोडून, जॅकेट शोधून, सरळ करून, बकल लावणं कुणालाही जमत नाही. पाण्यात पडल्यावर तर नाहीच. वाक्य असं हवं की जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोटीची दोरी सुटणार नाही. पहिलं वाक्य गोदामाला लागू होतं, दुसरं माणसाला.

आणि जॅकेट म्हणजे कुठलंही नारिंगी कापड नव्हे. त्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं वर ठेवायला तीन ते पाच किलोचा जादा आधार पुरतो, म्हणजे ३० ते ५० न्यूटन. म्हणून ५० न्यूटनचं जॅकेट येतं, पण ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या, काठाजवळच्या माणसासाठी. शांत पाण्यासाठी १०० न्यूटन, मोकळ्या पाण्यासाठी १५०. जहाजावरच्या चांगल्या जॅकेटची परीक्षा अशी घेतात की बेशुद्ध माणूस तोंड खाली करून पडला, तरी जॅकेटने त्याला काही सेकंदांत उताणा करावा आणि तोंड पाण्याच्या वर धरावं. ते कॉलरच्या फुगीर भागामुळे होतं. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या, कॉलर नसलेल्या बंडीत ते होत नाही. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घातलं तर मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. त्यासाठी लहान माप आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा लागतो. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला, बसायला उशी म्हणून दाबला गेलेला फोम फुगवटा हरवतो. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत फोमचं काय होत असेल, कल्पना करा. फ्लेअरवर निदान मुदत छापलेली असते.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. उकडतं. खरंच उकडतं, खानदेशात तर भट्टीच असते. म्हणून पातळ, हवेशीर जॅकेट शोधा, नाहीतर सकाळ-संध्याकाळच बोट सोडा. लोक ऐकत नाहीत. लोक पाळण्यात बसतात तेव्हा दांडा अडकवल्याशिवाय ऑपरेटर पाळणा फिरवत नाही, तिथे कुणी वाद घालत नाही. बोटीत इंजिन कुणाच्या हातात आहे? खर्च परवडत नाही. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा खर्च नावाड्याच्या गळ्यात मारून चालणार नाही. घाटाची पावती फाडणाऱ्याने जॅकेटही द्यावं.

एक आक्षेप मात्र कुणी घेत नाही आणि घ्यायला हवा. वर पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छत आणि बाजूला पडदे असलेल्या बोटीत जॅकेट उलटही वागू शकतं. बोट पालथी झाली की ते तुम्हाला वर ढकलतं, आणि वर छत असतं. विमानात जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा, असं सांगतात ते याचसाठी. म्हणजे नुसती जॅकेटसक्ती करून भागत नाही; बाजूचे पडदे काढा, बाहेर पडायच्या वाटेत सामान ठेवू नका, छतावर माणसं बसवू नका. हे कुठल्या यादीतल्या टिकमार्कने होत नाही, बोट ओळखणाऱ्या माणसाने बघावं लागतं.

तारखांकडेही बघा. डहाणूला कॉलेजच्या मुलांची बोट उलटून तीन मुली गेल्या ती १३ जानेवारी २०१८. भुषा १५ जानेवारी २०१९. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या ती १८ जानेवारी २०२४. तिथेही बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. थंडी, संक्रांत, सहली, भरलेली धरणं. तिन्हीकडे नंतर चर्चा झाली ती गर्दीची. बोटीवर किती माणसं चालतील हे रंगाने ठळक लिहिलेलं असावं आणि काठावर कुणीतरी डोकी मोजावीत, यासाठी उपग्रह लागत नाही. लागतो एक माणूस, वही आणि ‘नाही’ म्हणायची ताकद. ही ताकद नावाड्याकडे नसते, कारण समोर सरपंचाचा पाहुणा असतो. २४ ऑक्टोबर २०१८ ला शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेल्या ताफ्यातली बोट मुंबईजवळ बुडाली आणि एक जण गेला. सरकारी कामासाठी निघालेल्या बोटीलाही पाणी सवलत देत नाही.

दुसरा ऋतू मे-जूनचा. ज्या वादळात रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तेच वादळ हतनूरच्या पाण्यावरूनही जातं. बागांचे पंचनामे होतात, हवामान खात्याचा इशारा शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो, लोक एकमेकांना सांगतात. धरणावरच्या होडीवाल्याला कोण सांगतं? उघड्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते तितकी लाट वाढते, म्हणून काठाजवळ शांत दिसणारं धरण मधोमध वेगळं असतं. वळीव यायला लागला की पश्चिमेकडे काळं दिसतं आणि मग फार वेळ नसतो. लाल बावटा लावायचा आणि बोटी बांधायच्या, हा अधिकार प्रत्येक घाटावर एका नावाने कुणाकडे तरी असायला हवा.

इथे धुळ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. उजनीच्या दोन दिवसांनी, २३ मे २०२४ ला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. ही तुकडी धुळ्याची. राज्यात या दलाची ठाणी दोन, नागपूर आणि धुळे. भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसं, दुसऱ्याला काढायला गेलेली. वाहत्या पाण्यातले बंधारे किती फसवे असतात ते पोहणारे सांगतील. वरून पडलेलं पाणी खाली फेर धरतं, वर आलेल्याला पुन्हा आत ओढतं, आणि त्यात इतकी हवा मिसळलेली असते की ते माणसाला नीट उचलूनही धरत नाही. तिथे सगळी यादी पूर्ण असली तरी भागत नाही. म्हणून माणूस बुडाल्यानंतर धुळ्याहून काही तासांनी तुकडी पाठवणं ही व्यवस्था मानायची नाही. त्या तुकडीवर आपण आपल्या आळसाचा भार टाकतो. पहिल्या दहा मिनिटांत जो पोचतो तो खरा बचाव, आणि दहा मिनिटांत फक्त काठावरचा माणूस पोचतो.

आता पुन्हा नर्मदेकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या रेलू वसावे या अंगणवाडी सेविका पलीकडच्या पाड्यांवरच्या बाळांना आणि गरोदर बायांना आहार पोचवायला १८ किलोमीटर होडी वल्हवत जायच्या, ही बातमी तुम्ही तेव्हा शेअर केली असेल. मीही केली. आपण सगळ्यांनी धैर्याचं कौतुक केलं आणि स्क्रोल केलं. त्या वाटेवर होडी उलटली असती तर त्यांनी कुणाला, कशाने सांगायचं होतं? ११२ लावायला नेटवर्क लागतं. तटरक्षक दलाचा १५५४ समुद्रासाठी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची खासगी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. पर्यटकांना त्यावरून विमानतळावर अडकवलंय. फ्लेअर पेटवला असता तर दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी बघितला असता.

आणि तरी उत्तर आपल्याच देशात तयार आहे. इस्रोने मच्छीमारांसाठी डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर बनवला. २०१० पासून तो वापरात आहे, २० हजारांहून जास्त बोटींवर गेलाय. बटण दाबलं की संदेश उपग्रहामार्फत चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण केंद्रात, आणि तिथून तटरक्षक दलाकडे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात उलटा निरोपही येतो की तुमचा संदेश मिळालाय. ही सोय ज्याने सुचवली त्याला मी मानतो. बुडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी हवी असते ती हीच खात्री की कुणीतरी बघितलंय. फ्लेअर हे कधीच सांगू शकत नाही. तो जळून जातो आणि तुम्ही अंधारात वाट बघत राहता.

उपग्रहाला खाली पाणी खारं आहे की गोडं, याच्याशी काही देणंघेणं नाही. नियंत्रण केंद्रातून जो संदेश तटरक्षक दलाला जातो तो नंदुरबारच्या जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि धुळ्याच्या दलाला जाऊ शकतो. हे जोडकाम सॉफ्टवेअरचं आहे आणि ते अवघड नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. अवघड आहे ते हे मान्य करणं की नर्मदेतला भिलाचा प्रवासही ‘सागरी’ प्रवासाइतकाच गंभीर आहे. कोकणातल्या बोटीला यंत्र, गेटवेच्या पर्यटकाला सक्तीचं जॅकेट, आणि धडगावच्या माणसाला श्रद्धांजली, अशी वाटणी आपण केलीय. तो हौसेने बोटीत बसत नाही. त्याचा रस्ता आपण, म्हणजे धरणाची वीज आणि पाणी घेणाऱ्यांनी, बुडवलाय.

यंत्र येईल तेव्हा येईल. भुषाच्या घाटावर संक्रांतीची गर्दी मात्र दरवर्षी १४-१५ जानेवारीला होते, हे कलेक्टर कचेरीला कॅलेंडरवर दिसतं. त्या दोन दिवसांसाठी घाटावर वायरलेस सेट घेऊन एक पोलिस, डोकी मोजायला एक तलाठी, लहान मापांसह जॅकेटांचा ढीग, आणि इंजिन चालू ठेवून उभी असलेली एक रिकामी बोट, दोराच्या वेटोळ्यासकट. रात्री शेवटची बोट परत येऊन वहीतला आकडा जुळेपर्यंत यातल्या कुणीही घरी जायचं नाही.